विहीणबाईंचा अंगठा

२०१३ साली मी सहासष्ट वर्षांचा होतो. त्या वयापर्यंत माझ्या बोलण्यातला एक शब्द कमी करायची कुणाची छाती झाली नव्हती. ती एका बाईची झाली. माझ्याच ओसरीवर, माझ्या भावकीच्या देखत, कागदावर नुसता अंगठा ठेवून. त्या बाई म्हणजे माझ्या विहीणबाई, सुनेची आई, कोथरूडच्या.

माझा मुलगा नितीन याच्या लग्नाची बैठक होती. पोरापोरीनं आपापसात ठरवलेलं, आम्हाला फक्त मान डोलवायची होती. पत्रिकेचा मजकूर मी सांगितला होता आणि माझा पुतण्या बाळू यानं लिहून काढला होता. बाळूनं तो उभा राहून वाचला. 'अत्यंत मंगलमय वातावरणात, अत्यंत थाटामाटात संपन्न होणाऱ्या या सोहळ्यास आपण सहकुटुंब सहपरिवार यावे, हे अत्यंत आग्रहाचे निमंत्रण.' भावकीनं माना हलवल्या. विहीणबाईंनी कागद मागून घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पहिल्या 'अत्यंत'वर अंगठा ठेवला आणि कागद माझ्यापुढं धरला.

"व्याही, आता वाचा."

"शब्द झाकलाय की तुम्ही. वाचू काय?"

"उरलेलं वाचा."

मी वाचलं. 'मंगलमय वातावरणात.'

"काही गेलं का?"

बाळू मधे पडला. "वजन गेलं की बाई."

"वजन कागदाला असतं. जाड कागद घ्या," विहीणबाई म्हणाल्या, आणि अंगठा पुढच्या 'अत्यंत'वर सरकवला.

मी सांगून टाकलं, आमच्या बाजूची पत्रिका आमची, तुमच्या बाजूची तुम्ही काय हवी ती छापा. बुधवार पेठेतल्या एकाच छापखान्यात दोन पत्रिका छापल्या गेल्या. माझ्या पत्रिकेत तिन्ही 'अत्यंत' होते, वर मी चौथा घालायला लावला. त्यांच्या पत्रिकेत होतं, 'गौरी आणि नितीन यांचं लग्न आहे. या.' छापखान्यावाल्यानं मला फोन करून विचारलं, त्या बाजूचं काही राहिलंय का. तर त्या पत्रिकेवरसुद्धा लोक आले. जेवून, आहेर न आणता, आनंदानं गेले.

मी चौथी शिकलोय. चौथीतला माणूस लिहितोय म्हणून ज्यांना चुका काढायच्या असतील त्यांनी खुशाल काढाव्यात. विहीणबाईंनी बारा वर्षं काढल्या, माझं काही बिघडलं नाही. त्यांचा जन्म त्यातच गेला होता. पुस्तकं छापणाऱ्या एका कचेरीत त्या प्रुफं तपासायच्या. नोकरी संपली तरी हात राहिला. दुधाच्या पिशवीवरचं वाचायच्या, बसच्या पाठीमागचं वाचायच्या, आमच्या धान्याच्या कणग्यांवर चिकटवलेल्या देवीच्या चित्राखालचं वाचायच्या. 'सर्वोत्तम', 'अप्रतिम', 'शंभर टक्के शुद्ध' असं दिसलं की अंगठा पुढं जायचाच, भिंत असो की बस.

दुसऱ्यांना हे समजायला वेळ लागायचा. लग्नानंतर त्या पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा आमच्या हौसानं मासवडी केली होती. हौसा माझी बायको. मासवडी म्हणजे एक दिवसाचं काम, तीळ भाजा, खोबरं भाजा, बेसनाची पोळी थापा, सारण भरून वळा. विहीणबाईंनी खाल्ली आणि म्हणाल्या, "बरी झालीय."

हौसाचा चेहरा उतरला. आत जाऊन मला म्हणाली, "बरी म्हंजी? सकाळधरनं राबतीया मी. बरी?"

गौरी पाठोपाठ आत आली. हसत होती. "अहो आई, आमच्याकडं 'बरी'च्या वर काही नसतंच. बाबांनी घर घेतलं तेव्हा आई 'बरं आहे' म्हणाली होती."

बाहेरून विहीणबाईंचा आवाज आला, "विहीणबाई, अजून दोन वड्या असतील तर वाढा. आणि जाताना डब्यात द्या." मग मात्र हौसाचं आणि त्यांचं जमलं. इतकं जमलं की मी घरात आलो की दोघी बोलायच्या थांबायच्या.

आता माझ्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या मांजरी गावाला आणि आसपासच्या गावांना दहाव्याची रीत आहे. दशक्रिया घाटावर होते, प्रवचन होतं आणि मग माईक फिरतो. सोसायटीचा चेअरमन, माजी सरपंच, पाव्हण्यांतला एखादा पुढारी, सगळे उठून गेलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहतात. त्यात शेवटचा आणि खरा माणूस मी असायचो. पंचवीस-तीस वर्षं घाटावर मी बोललो. गावात कुणी गेलं की बोलावणं ठरलेलं. "तात्या, दहाव्याला तुम्हीच." मी उभा राहिलो की बायका पदर तोंडाला लावायच्या. ज्याला उभ्या जन्मात कुणी धड हाक मारली नव्हती, त्याला मी 'अत्यंत मनमिळाऊ' केला, आणि त्याची पोरं मान वर करून घरी गेली. यात माझं काय चुकलं ते मला आजपर्यंत कुणी पटवून दिलेलं नाही. विहीणबाईंनी पण नाही.

त्यांनी मला पहिल्यांदा ऐकलं ते गावातल्या मालूबाईंच्या दहाव्याला. त्या वेळी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा ऐकलं ते माझ्या चुलत आत्याच्या दहाव्याला. परत येताना नितीन गाडी चालवत होता, मी पुढं, मागं हौसा आणि विहीणबाई.

"व्याही, आवाज चांगला आहे तुमचा."

त्यांच्या तोंडून 'चांगला' ऐकून मी सीटवर वळलो. "आणि बोललो ते?"

"बोललात कुणाबद्दल?"

"कुणाबद्दल म्हंजी? आत्याबद्दल!"

"अस्सं. मला वाटलं, मालूबाईंबद्दलच. अत्यंत प्रेमळ, अत्यंत कष्टाळू, मायेचा सागर. सगळं तेच होतं, म्हणून म्हटलं."

हौसा पदर तोंडात धरून हसली. नितीन समोर बघून हसला. मी चिडलो. "विहीणबाई, तुमच्याकडं माणूस गेला की पेपरात बोटभर चौकट येते. आमच्याकडं घाट भरतो. भरल्या घाटाला बोटभर बोलून भागत नाही."

"घाट भरू द्या हो. पण हे शब्द मांडववाल्याच्या खुर्च्या आहेत. आज यांच्या दारात, उद्या त्यांच्या. त्या आत्याबाईंचं स्वतःचं काही होतं की नाही?"

"आत्या गाईला घास दिल्याशिवाय जेवत नव्हती. गाय विकली त्या दिवशी जेवली नाही," हौसा मागून म्हणाली.

"हे का नाही बोललात?" विहीणबाईंनी मला विचारलं.

"त्यात काय बोलायचं? गाई सगळ्यांच्याच असतात," मी म्हटलं आणि परत पुढं वळून बसलो.

पुढच्या खेपेला मी त्यांना मुद्दाम रानात घेऊन गेलो. म्हटलं, बघा, मी नुसता बोलत नाही, पिकवतो पण. त्या बांधावर उभ्या राहिल्या, उसाकडं बघितलं आणि विचारलं, "याला पाणी जास्त दिलं तर काय होतं?"

"उंची घेतो. पण उतारा पडतो. साखर भरत नाही," मी बोलून गेलो.

पाचटाचं एक टोक उचलून बोटात फिरवत राहिल्या. त्यांचं ते न बोलणं मला झोंबलं. मी लगेच म्हटलं, "ऊस वेगळा आणि माणूस वेगळा."

"मी कुठं काय म्हटलं?"

"म्हणू पण नका."

अशी आमची भांडणं चालायची. गावच्या मंडळाच्या वार्षिक अहवालात गावातल्या गेलेल्या लोकांवर एक पान असायचं, ते मी सांगून लिहून घ्यायचो. मग एका वर्षी, त्यांची जिरवायची म्हणून, ते पान मी स्वतःच्या हातानं लिहायला लागलो आणि छापायच्या आधी त्यांना दाखवायला लागलो. कोथरूडला त्यांच्या गॅलरीत आम्ही बसायचो. त्या अंगठा ठेवायच्या, मी उरलेलं वाचायचो. दहातले नऊ शब्द त्या उडवायच्या, मी घरी जाऊन त्यातले सात परत घालायचो. अहवाल छापून आला की त्या वाचायच्या आणि म्हणायच्या, "दोन गेले. प्रगती आहे."

एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, या शब्दांवर एवढा राग का? त्या हौसाबरोबर मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमचे हे आजारी होते. सगळे नातेवाईक सांगत होते, प्रचंड सुधारणा आहे, खूप छान आहे. मी रोज ते ऐकून घरी यायची. मग एक डॉक्टर आले, ते म्हणाले, 'त्रास होतोय त्यांना.' एवढंच. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या उशाशी बसले. बाकीच्यांनी मला तोवर बाहेरच ठेवलं होतं."

हौसानं मेथीची जुडी बाजूला ठेवली. मला राग आला होता, पण कुणाचा ते सांगता येत नव्हतं.

२०१९ च्या दिवाळीनंतर हौसा आजारी पडली आणि संक्रांत तिनं बघितली नाही.

राख सावडून आलो तेव्हाच बाळू म्हणाला, "तात्या, या बारीला तुम्ही बसा. दुसरे बोलतील. घरच्यानं बोलायची रीत नाय."

"अख्ख्या गावाच्या बायकांसाठी मी बोललो आणि माझ्या बायकोला दुसरा माणूस आणू? मी बोलणार."

"मग असं बोला तात्या, की घाट हलला पायजे. आमदार येणारेत."

मी आयुष्यात भाषण लिहून काढलं नव्हतं. तोंडाला यायचं. पण यावेळी तोंडाची खात्री नव्हती, म्हणून लिहायला बसलो. हात सवयीनं चालला. अत्यंत प्रेमळ. अत्यंत कष्टाळू. मायेचा सागर. आदर्श माता. लिहून झालं आणि वाचायला घेतलं तर डोळ्यापुढं हौसा येईना. मालूबाई यायला लागल्या. मग आत्या. मग नाक्यावरच्या दुकानवाल्याची आई, जी आयुष्यभर सगळ्यांशी भांडली आणि जिला मी 'अत्यंत शांत स्वभावाची' म्हटलं होतं. माझी बायको घाटावर जाणार होती आणि मी तिला दुसऱ्या बायकांची उतरलेली लुगडी नेसवत होतो. कपाट उघडावं तर माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. सगळं वाटून झालं होतं.

मी कुणाला बोलावलं नाही. नवव्या दिवशी विहीणबाई आपण होऊन आल्या. भिंतीला पाठ टेकून बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दाखवा."

"काय?"

"लिहिलंय ते."

मी कागद दिला. त्यांनी अंगठा ठेवला, उचलला, पुढं ठेवला. मला वाचायलाही सांगितलं नाही. शेवटी पानावर हौसाचं नाव तेवढं उरलं.

मला सहन झालं नाही. "अंगठा काढा. बायको माझी गेलीय. तुमचा नवरा गेला तेव्हा तुम्ही काय लिहिलं होतं, ते सांगा आधी!"

नितीन दारातून म्हणाला, "तात्या!"

विहीणबाईंनी त्याला हातानं थांबवलं. "काही नाही लिहिलं. पेपरात चौकटसुद्धा दिली नाही. लोकांची पुस्तकंच्या पुस्तकं तपासली मी, व्याही. यांच्याबद्दल दोन ओळी मला जमल्या नाहीत. जे लिहीन ते मीच खोडत होते. म्हणून आले. तुम्ही खोडणाऱ्यातले नाही. तुमचं होईल."

मी खाली बसलो. त्यांनी विचारलं, "त्या चिडायच्या कशावर?"

"दार उघडं टाकलं की."

"लिहा."

"हे लिहू? घाटावर दाराचं बोलू?"

"लिहा तर. आणखी?"

मग येत गेलं. घाटावरून आलं की आंघोळ केल्याशिवाय कशाला शिवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी भाषण करून आलो की हौसा मला आधी चहा द्यायची, मग आंघोळीला पाणी. सासू होती तोवर सासूची बोलणी खाऊन द्यायची. म्हणायची, बोलून घसा बसलाय त्यांचा, मेलेला माणूस काही चहाला नाही म्हणणार नाही. आणि बिल्डर जमीन घ्यायला आला तेव्हा आम्ही सगळे सतरंजीवर सह्या करायला बसलो, ती बसली नाही. मी ओरडलो, भाऊ ओरडले. ती भाकऱ्या थापत राहिली. तिच्या नावावरचं दोन एकर तेवढं राहिलं आणि आज माझ्या दारात ऊस आहे तो त्या दोन एकरातला.

हे सगळं मी माझ्या अक्षरात उतरवलं. मग खाली लिहिलं, 'ती मला घाबरायची नाही.' आणि त्याखाली, 'मला ती फार आवडायची.'

विहीणबाईंनी वाचलं. एकदाही हात पुढं आला नाही. शेवटच्या ओळीपाशी थांबल्या, आणि अंगठा 'फार'वर गेला. सवय हो.

"मला ती आवडायची," त्यांनी वाचलं. "चालतंय की."

"नाही चालत."

"काय गेलं?"

"काय गेलं ते मला सांगता येत नाही. पण तो शब्द राहणार. तुम्ही कोथरूड उचलून इथं आणलंत तरी राहणार."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. परत वाचलं, अंगठ्यासकट. मग अंगठ्याशिवाय. मग हात मांडीवर घेतला. "राहू द्या. हा तुमचाच आहे."

त्यांच्याकडनं एवढ्या वर्षांत मी जिंकलेला हा एक शब्द. एकच, पण जिंकलेला.

नितीनचं वेगळंच. तो संध्याकाळी जवळ येऊन बसला. "तात्या, बाकीचं छान आहे. शेवटचं वाक्य नका बोलू. सगळे पाव्हणे असतील, ऑफिसचे लोक येतील."

"का? लग्न मी चोरून केलंय का?"

दहाव्याला घाट भरला होता. पुढाऱ्यांचं झालं, माईक माझ्याकडं आला. लोक सरसावून बसले, बायकांनी पदर हातात घेतले. मी कागद काढला. तात्यानं कागद काढला म्हणून तिथंच कुजबुज झाली. मी वाचलं. दाराचं वाचलं, चहाचं वाचलं, दोन एकराचं वाचलं तेव्हा माझे भाऊ नदीकडं बघायला लागले. मग वाचलं, 'मला ती फार आवडायची.' आणि माईक खाली दिला.

कुणाला कळेना, संपलं की काय. बायकांत कुणीतरी फिसकन हसली आणि थांबली. मागं एक म्हातारी बसली होती, हौसाची माहेरची. ती मोठ्यानं म्हणाली, "हौसे, ऐकलंस का गं." मग मात्र बायकांनी जे पदर धरले होते ते तोंडाला लावले.

आमदार उशिरा, माझं चालू असताना पोचले होते, ते माझ्यानंतर बोलायला उभे राहिले. अत्यंत प्रेमळ, अत्यंत कष्टाळू, मायेचा सागर. तो सागर माझाच. माझ्याकडनंच सगळ्या तालुक्यात पसरलेला.

घरी येताना बाळू गाडीत फणफणत होता. "तात्या, कॉलेजच्या पोरांवाणी बोललात. आमदारांच्या समोर. हसं झालं आपलं."

"हसणाऱ्याला माझ्याकडं पाठव."

"आणि पाच मिंटं तरी बोलायचं. लोक म्हणतील, बायकोशी पटत नव्हतं."

"ज्याला म्हणायचं त्यानं म्हणावं. मला पटत होतं की नाही, ते मी माईकवर सांगितलंय."

घरी पोचलो तर विहीणबाई आमच्या आधी पोचल्या होत्या. मी पायरीवर बसलो. न्हाणीघराकडं जायला उठणार तेवढ्यात त्यांनी माझ्यापुढं कप ठेवला. "आधी चहा. घसा बसला असेल." घरातल्या म्हाताऱ्या बायका बघत होत्या. त्यांनी बघितलं ते बरं केलं. मी चहा प्यायलो, संपवून आंघोळीला गेलो.

त्यानंतर घाटावरची माझी बोलावणी कमी झाली. जे यायचे ते म्हणायचे, "तात्या, पहिल्यासारखं बोला हां. साधं नको." मी विचारायचो, "तुझा बाप चिडायचा कशावर?" पोरगा बावरायचा, काहींना अपमान वाटायचा. मग माईक बाळूकडं गेला. तो माझेच शब्द वापरतो, माझ्यासारखाच आवाज लावतो. त्याला लखलाभ. मी मागं बसून ऐकतो आणि मला कुणी विचारलं तर सांगतो, बरं बोलला. त्याला वाटतं, मी जळतो.

विहीणबाई गेल्या उन्हाळ्यात गेल्या. दवाखान्यात मी भेटायला गेलो होतो. खाटेच्या कडेला लावलेला कागद त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हता, तो मी त्यांना वाचून दाखवला. मग म्हणाल्या, "व्याही, माझ्या मागं बोलू नका. सभा नको, चौकट नको, दिवस नकोत. गौरीला सांगितलंय."

"मी का बोलू नको? आता मला येतंय."

"म्हणूनच. चांगलं बोलाल, आणि मला तपासायला मिळणार नाही."

"मग भूत होऊन या."

"येईन. खोडरबर घेऊन." हसताना त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "भांडायला मजा आली हो." मी त्यात झाकण्यासारखं काही आहे का ते बघितलं. नव्हतं.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणं झालं. विद्युतदाहिनीत नेलं, परत आलो, सगळ्यांनी आपापल्या घरी चहा प्यायला. मी एक शब्द बोललो नाही. मला ते सोपं गेलं असं कुणी समजू नये.

पण आठ दिवसांनी मांजरीच्या चौकात फ्लेक्स लागला. बाळूला महापालिकेला उभं राहायचंय, त्यामुळं तो आजकाल कुणालाच सोडत नाही. 'अत्यंत प्रेमळ, अत्यंत मनमिळाऊ, थोर व्यक्तिमत्त्व, आमच्या परिवाराच्या मार्गदर्शिका यांस भावपूर्ण श्रद्धांजली.' मधे विहीणबाईंचा लग्नातला फोटो, हातात अक्षता. खाली हात जोडलेला बाळू, त्यांच्या दुप्पट. वर पाच पुढारी, ज्यांतल्या एकालाही त्यांनी कधी बघितलं नव्हतं. गौरी कामावरून येताना तिथं गाडी थांबवून बसली होती, असं मला पानवाल्यानं सांगितलं. घरी आली ती सरळ आत गेली.

संध्याकाळी मी बाळूला बोलावून घेतलं. "उतरव तो."

"तात्या, आपुलकीनं लावलाय. वहिनीला बरं वाटंल म्हणून."

"वहिनीला काय वाटलं ते मी बघितलंय. उतरव."

"शब्दांचा राग हाय का तुम्हाला? ते 'अत्यंत' काढून दुसरा छापतो की. एका तासाचं काम."

"त्या बाई नको म्हणाल्या होत्या. साधा शब्द आहे, 'नको'. त्याच्या पुढं-मागं काही नव्हतं, म्हणून तुम्हा लोकांना तो ऐकू येत नाही."

"अहो, पण रीतसर परवानगी घेतलीय मी दहा दिवसांची."

"कुणाची? त्यांची?"

बाळूनं खिशातला फोन काढला, बघितला, परत ठेवला. "तात्या, तुमचं वय झालंय. डोकं शांत ठेवा. बघू उद्या," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीची धार काढून झाल्यावर मी विळा आणि गोठ्यातलं लाकडी स्टूल घेऊन चौकात गेलो. नाक्यावरचा रिक्षावाला ओरडला, "तात्या, पडाल! अठ्ठ्याहत्तर वय तुमचं." मी म्हटलं, "मग स्टूल धर." त्यानं धरलं. मी चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या कापल्या, विहीणबाईंचा फोटो तेवढा विळ्यानं कापून घेतला आणि गौरीला नेऊन दिला. उरलेला फ्लेक्स गोठ्याच्या पत्र्यावर, गळतं तिथं, छापील बाजू खाली करून अंथरला आणि वर चार विटा ठेवल्या.